यंत्राच्या तोंडाला कुंकू

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात मोठ्या मिक्सरचं बेअरिंग ओरडायला लागलं आणि दुबईतल्या जबल अलीच्या त्या पशुखाद्याच्या कारखान्यात कुणालाच सण सुचेना. उन्हाळा ओसरत आला होता. उंटांच्या शर्यतींचा हंगाम तोंडावर होता, गोदामाबाहेर ट्रक लागून राहिले होते, आणि यंत्र तर भरल्या पोटाच्या बैलासारखं कण्हत फिरत होतं. सतीश रोज सकाळी त्याच्या पत्र्याला कान लावायचा. देखभालीची सगळी जबाबदारी त्याच्याकडे होती. अखेर त्याने प्लँट मॅनेजर निनाद सरांना सांगितलं की आता बंद ठेवलं नाही तर ते आपणहून बंद पडेल. निनाद सर पुण्याचे. त्यांनी ट्रकांकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि एक दिवस दिला. तो दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला.

मिक्सर म्हणजे आडवी पोलादी टाकी. आत जाड दांडा, त्यावर नागमोडी पाती. मेन स्विचपासून दिसत नाही अशा पलीकडच्या बाजूला, माणूस खांद्यापर्यंत आत जाईल एवढं झाकण. ते उघडं असताना यंत्र सुरू होऊ नये म्हणून एक सेफ्टी स्विच होता. तो सारखा बिघडून उत्पादन थांबवायचा, म्हणून निनाद सरांनी मागच्या वर्षी त्याच्या दोन्ही वायरी जोडून टाकायला लावल्या होत्या. वायरी सतीशने जोडल्या होत्या. तेव्हापासून आतल्या माणसाचा जीव मेन स्विचवरच्या कुलपाच्या भरवशावर होता.

त्या कुलपांचा नियम कडक होता. यंत्रावर जेवढे लोक काम करणार, तेवढी लाल कुलपं बंद केलेल्या मेन स्विचला लागायची; शेवटचं निघेपर्यंत यंत्र सुरू व्हायचं नाही. प्रत्येकाचं आपलं, त्यावर त्याचा फोटो, आणि चावी दोरीने त्याच्याच गळ्यात. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी सतीश त्याला मेन स्विचसमोर उभा करायचा आणि सांगायचा, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावलास तर त्याच दिवशी परतीचं तिकीट काढून देईन.

नागेशलाही त्याने असंच उभं केलं होतं. नागेश म्हणजे हेमाचा, सतीशच्या बायकोचा, धाकटा भाऊ. जतकडच्या गावात कडबाकुट्ट्या आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. सतीशने शब्द टाकून त्याला आणलं होतं. आपला फोटो असलेलं कुलूप बघून तो खूश झाला. गावाकडे आईला व्हिडिओ कॉलवर त्याने ते दाखवलं, तर म्हातारीने विचारलं होतं, एवढ्या मोठ्या यंत्राला कुलूप कशाला, ते कोण उचलून नेतंय?

खंडेनवमीला जेवणाच्या सुट्टीआधी नवं बेअरिंग बसलं. दोघा हेल्परांनी आपापली कुलपं काढली. नागेशचं तेवढं राहिलं, कारण आतलं ग्रीस पुसून झाकण लावायचं बाकी होतं. खाली वर्कशॉपमध्ये टेबलावर चादर अंथरून पाने, पुलर, ग्राइंडर मांडले होते. कारखान्यात पूजेला परवानगी नव्हती आणि दरवर्षी पूजा होत होती. हेमाने घरून झेंडूच्या माळा, शिरा आणि आपला पितळी करंडा पाठवला होता. शिवाय सकाळी फोन करून तिने भावाला बजावलं होतं, वरवर टिळा लावून पळू नकोस, आबा लावायचे तसं यंत्राच्या तोंडाला लाव. त्यांचे आबा दर खंडेनवमीला कडबाकुट्टीच्या पात्याला, जिथे कडबा आत जातो तिथे, कुंकवाची बोटं उमटवायचे. पाठीवर हळद लावून यंत्राला काय कळणार, असं म्हणायचे.

आरतीला बोलावलं तसा नागेश हात पुसत आला. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मग गळ्यातली चावी डोक्यावरून काढली आणि पान्यांच्या शेजारी ताटात ठेवली. मिक्सर चालवणारा नोमान पेशावरकडचा, दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याने हसून विचारलं, चावीचीही पूजा का? नागेश म्हणाला, हत्यारच आहे की. सतीशने हे ऐकलं. ऐकून त्याला बरं वाटलं. त्याच वेळी त्याने चावी उचलून मेहुण्याच्या गळ्यात घालायला हवी होती.

आरती झाली. शिऱ्याच्या प्लेटा फिरल्या. निनाद सरांनी टाळ्या वाजवल्या, कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि घड्याळ बघितलं.

"सतीश, मुहूर्त करून टाक. एक फेरा फिरव आणि लोड घे. बाहेर लोक माझं डोकं खातायत."

टेबलाभोवती गर्दी होती. गर्दीत नागेशचं पिवळं हेल्मेट दिसत होतं. हेल्मेट आहे म्हणजे माणूस आहे, असं सतीशने धरलं. ताटातली चावी त्याने उचलली. तिच्या दातांत हळदकुंकू भरलं होतं. जिना चढून तो मेन स्विचपाशी गेला, नागेशचं कुलूप उघडून काढलं, पुन्हा दाबून बंद केलं, खुंटीला अडकवलं, चावी सवयीने खिशात टाकली आणि मेन स्विच चालू केला. मग खाली ओरडून विचारलं, "यल्ला, सगळे बाहेर?"

"खलास, खलास," शिऱ्याने भरलेल्या तोंडाने कुणीतरी म्हणालं.

सतीशने हात वर केला. नोमानने बटण दाबलं.

रिकाम्या टाकीचा आवाज सतीशला पाठ होता. पहिल्याच फेऱ्यात त्या आवाजात काहीतरी अडलं, आणि किंकाळी यायच्या आत त्याने लाल बटणावर मूठ मारली होती. झाकणापाशी नागेश गुडघ्यांवर होता, उजवा हात खांद्यापर्यंत आत. डाव्या हातात करंडा तसाच सरळ धरलेला, कुंकू सांडू नये म्हणून धरतात तसा.

*

हात कोपराखाली काढावा लागला. दवाखान्यातून सोडल्यावर हेमाने भावाला कामगारांच्या कॅम्पात जाऊ दिलं नाही. अल बर्शाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अस्मीची खोली रिकामी केली. अस्मी नववीत होती, दुबईतच वाढलेली. तिने आपली पुस्तकं हॉलमध्ये आणून ठेवली. "इट्स फाइन, मम्मा," एवढंच म्हणाली, आणि मामासमोर जाताना मान खाली घालू लागली.

नागेशचा फोन उजव्या अंगठ्याने उघडायचा. पहिल्या दिवशी त्याने तो डाव्या हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि उशीखाली सारला. हेमाने घास भरवायला हात पुढे केला की तो आधी अस्मी कुठे आहे ते बघायचा. ती समोर असली तर भूक नाही म्हणायचा. गावाहून आईचा फोन आला की हेमाला सांगायचा, आक्का, फकस्त तोंड दाव. आईला हाताला लागलंय एवढंच माहीत होतं.

हेमा नर्सरीत शिकवायची. तिने रजा घेतली होती. भाजी चिरता चिरता थांबायची आणि पुन्हा चिरायला लागायची. एकदा सतीशला म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला. तोंडाला लाव म्हणून."

सतीश जेवत होता. त्याने घास गिळला आणि म्हणाला, असं मनात आणू नकोस.

कुलूप नागेशने काढून ठेवलं असावं, मग यंत्र कुणीतरी सुरू केलं, एवढंच हेमाच्या कानावर आलं होतं. कुठून आलं ते तिने विचारलं नव्हतं आणि ते खोटं आहे हे त्याने सांगितलं नव्हतं. त्या दिवसाची त्याची युनिफॉर्मची पँट पिशवीत बांधून बाल्कनीत पडली होती. रक्त धुवायचं होतं. खिशात काय आहे ते सतीशला माहीत होतं. त्याने पिशवीला हात लावला नव्हता.

कारखाना दोन दिवस थांबून पुन्हा सुरू झाला. सेफ्टी स्विच घाईघाईने पूर्ववत झाला. वर्कशॉपमधल्या झेंडूच्या पाकळ्या झाडून टाकल्या गेल्या. हेड ऑफिसातून चौकशीसाठी उझमा नावाच्या सेफ्टी ऑफिसर येणार होत्या. त्याआधी निनाद सरांनी सतीशला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि आवाज खाली घेतला. पूजेचा विषय नको, म्हणाले, त्यात आपण सगळेच येतो. माणसाने स्वतः कुलूप काढलं आणि चुकून परत आत गेला, असं होतं कधीकधी. त्याचा विमा आहे, काहीतरी मिळेल. गाफीलपणा त्याचा ठरला तर थोडं कमी मिळेल, पण आपण त्याला स्टोअरमध्ये बसवू.

"आणि दुसरं काही निघालं," ते कप खाली ठेवत म्हणाले, "तर नुसती नोकरी नाही जात इथे. व्हिसा जातो, घर जातं, मुलीची शाळा मध्येच सुटते. पोलीस वेगळे. तू समजदार आहेस."

बाहेर आल्यावर टपरीपाशी नोमान भेटला. बटण त्याने दाबलं म्हणून त्याला कामावरून बाजूला बसवलं होतं. त्याने सतीशला सलाम केला, पण चहा घे म्हणाला नाही. आपल्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघत म्हणाला, "सतीशभाई, खाना खाने बैठता हूँ तो यही उँगली सामने आती है।"

सतीश म्हणाला, तुझी चूक नाही.

"फिर किसकी है?" नोमानने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा मारला नाही. सतीशने कंपनीची बस आल्याचं निमित्त केलं, वास्तविक तो रोज स्वतःच्या गाडीने जायचा.

*

शुक्रवारी दुपारी हेमा बाजारात गेली होती, तेव्हा सतीशने नागेशला आंघोळ घातली. बँडेजवर प्लास्टिकची पिशवी चढवून रबर लावलं. प्लास्टिकच्या स्टुलावर तो पाठमोरा बसला. पाठीला हाडं आली होती. पायजम्याची नाडी सोडताना दोघांनीही दुसरीकडे बघितलं. सतीशने पाणी ओतलं, पाठीला साबण लावला.

"दाजी," नागेश भिंतीकडे बघत म्हणाला, "सोमवारी त्या बाई इचारतील. कुलूप मीच काढलं म्हनतो."

सतीशचा हात थांबला.

"मीच काढलं, चावी कुटं टाकली ध्यानात न्हाई, आन् परत आत हात घातला. मती फिरली म्हनतो. खलास."

"तुला कुणी सांगितलं असं?"

"निनाद सर आलते दवाखान्यात. स्टोअरात बसवतो म्हनले. बसून काम." मग तो म्हणाला, "माझा तर गेलाच. तो काय आता येत न्हाई. अस्मीची शाळा हाय. आक्काला हितंच ऱ्हाऊ द्या."

नळ गळत होता. त्या आवाजात सतीश काही बोलला असता तरी चाललं असतं. नको म्हणाला असता, बघू म्हणाला असता, नुसतं नाव घेऊन हाक मारली असती तरी चाललं असतं. त्याने तांब्या भरला.

"डोळे मीट," तो म्हणाला, "साबण जाईल."

नागेशने डोळे मिटले. सतीशने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, अंग पुसलं, पायजमा चढवला आणि नाडी बांधली. गाठ नीट बसली आहे का ते दोनदा ओढून बघितलं.

*

सोमवारी सकाळी निघण्यापूर्वी तो दिवा लावायला देवघरासमोर उभा राहिला. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला लावलेलं छोटं लाकडी देवघर. बाळकृष्णासमोर ताम्हन होतं आणि ताम्हनात लाल दोरीची चावी होती. दातांत कुंकू वाळून काळं पडलेलं.

स्वयंपाकघरात पोळपाटाचा आवाज चालू होता.

"पूजेला नाही ठेवलेली ती," हेमा आतून म्हणाली. "तुमच्या पँटच्या खिशात होती. वॉशिंग मशीनमध्ये जाणार होती."

सतीश काडीपेटी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात गेला. ती पाठमोरी पोळी लाटत होती.

"हेमा, ऐक. निनाद सर म्हणाले, हे बाहेर आलं तर सगळंच..."

"मला माहीत आहे काय जाईल ते. मला मोजून दाखवू नका." तिने पोळी तव्यावर टाकली. "नागेशने मला कामाला लागला त्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, ही चावी झोपतानासुद्धा गळ्यात असते. ती तुमच्या खिशात कशी आली, हे मी विचारणार नाही. तो पण सांगायचा नाही. मी विचारून बघितलं रात्री. तोंड फिरवून झोपला."

"माझ्या ध्यानात नाही आलं गं. हेल्मेट दिसलं, मला वाटलं..."

"चूक झाली असेल तुमची. चूक होते." ती वळली. तिच्या हाताला पीठ होतं आणि आवाज अगदी सरळ होता. "मी सांगितलं म्हणून त्याचा हात गेला, असं मी इतके दिवस मलाच खात बसले. तुमच्यासमोर. आणि तुम्ही जेवत होतात."

पोळीला फुगा आला, तो जळला. अस्मी हॉलमध्ये दप्तराची चेन लावत होती, ती थांबली. आतल्या खोलीतून नागेश म्हणाला, "दाजी, निघायचं न्हवं?"

सतीशने दिवा लावला. ताम्हनातून चावी उचलून खिशात टाकली. काय करणार ते त्याने हेमाला सांगितलं नाही, कारण ते त्यालाही माहीत नव्हतं.

*

मीटिंग रूममध्ये एसी कडक होता. उझमा मॅडम हैदराबादच्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर पारदर्शक पिशवीत नागेशचं लाल कुलूप होतं, त्यावर त्याचा हसरा फोटो. एका बाजूला निनाद सर, एका बाजूला सतीश, समोर नागेश. नोमान आधीच बोलून गेला होता. त्याने एवढंच सांगितलं होतं की हात वर झाला, बटण दाबलं, कुलूप कुणी काढलं ते दिसलं नाही.

नागेशने पाठ केल्यासारखं हिंदीत सांगितलं. कुलूप मी काढलं. परत आत गेलो. माझी चूक आहे. सांगताना तो निनाद सरांकडे किंवा सतीशकडे बघत नव्हता, टेबलाच्या कडेकडे बघत होता.

उझमा मॅडमनी लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, आत कशासाठी गेलास? नागेश म्हणाला, पुसायला. मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी काढलेल्या फोटोत यंत्राच्या पात्याला लाल रंगाची बोटं उमटली आहेत. तीन बोटं. ते रक्त नाही. निनाद सर खुर्चीत हलले, म्हणाले, प्रॉडक्टचा डाग असेल.

मॅडमनी पिशवी उघडली आणि कुलूप नागेशसमोर सरकवलं. "दिखाओ, कैसे खोला."

नागेशने डाव्या हाताने कुलूप उचललं. उचललं आणि तसाच थांबला. उजवा खांदा पुढे आला, बँडेज टेबलाला टेकलं, तो कळवळला आणि मागे झाला. एका हातात कुलूप होतं. चावी धरायला दुसरा नव्हता. त्याने कुलूप मांडीवर ठेवायला बघितलं, ते घसरलं, त्याने गुडघ्यांत पकडलं. कपाळाला घाम आला. आपण कुलूप धरून बसलो आहोत आणि सगळे बघत आहेत, याची लाज त्याच्या कानापर्यंत चढली.

"और चाबी?" मॅडमनी विचारलं. "तुम्हारे कपड़ों में नहीं मिली. पैनल पर नहीं थी."

"गिर गई होगी," नागेश म्हणाला. गुडघ्यांत धरलेल्या कुलपावर त्याचा फोटो वर होता.

"सतीश," निनाद सर पटकन म्हणाले, "एक स्पेअर असते ना स्टोअरमध्ये?"

सतीश उठला. टेबलाला वळसा घालून तो नागेशच्या खुर्चीपाशी गेला आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. यंत्रापाशी नागेश असाच बसला होता, हे त्याच्या ध्यानात आलं. खिशातून त्याने लाल दोरीची चावी काढली. मेहुण्याच्या गुडघ्यांत धरलेल्या कुलपात घातली आणि फिरवली. खट्ट असा आवाज झाला. चावीतलं वाळलेलं कुंकू नागेशच्या पायजम्यावर पडलं.

"ऐसे खोला," सतीश म्हणाला. "मैंने खोला. इसने नहीं. ये अंदर था."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. निनाद सर छताकडे बघत राहिले. सतीश बोलत गेला, पूजेचं, चावीचं, हेल्मेटचं, सेफ्टी स्विचच्या वायरींचं. त्या कुणी जोडायला लावल्या तेही त्याने सांगितलं आणि जोडल्या कुणी तेही. बोलताना तो उठला नाही. मॅडमनीच शेवटी सांगितलं, कुर्सी पर बैठिए.

मग त्यांनी सतीशचा पास मागून घेतला. पुढचं कळवू, म्हणाल्या. तोवर कारखान्यात पाऊल टाकायचं नाही आणि देशाबाहेर जायचं नाही.

*

पार्किंगमध्ये ऊन अजून टोचत होतं. गाडीचं दार उघडताच भट्टीसारखी वाफ अंगावर आली. नागेश शेजारच्या सीटवर बसला. वर्कशॉपच्या दारात उभ्या असलेल्या नोमानने लांबून हात वर केला. सतीशने बघितलं आणि मान हलवली.

"का केलंत ह्ये?" नागेश म्हणाला. त्याचा आवाज रागाने कापत होता. "मी दिलं होतं की तुमाला. गपगुमान घ्यायचं होतं. आता स्टोअरबी गेलं, तुमचंबी गेलं. आक्काला काय सांगू?"

"तिला माहीत आहे."

"मग रात्री मला कशाला इचारत होती?" नागेश म्हणाला.

सतीशने वाकून नागेशच्या खांद्यामागचा सीटबेल्ट ओढायला हात पुढे केला. नागेशने डाव्या हाताने तो हात बाजूला केला. जोराने नाही, पण केला.

"ऱ्हाऊ द्या. मी लावतो."

त्याने डावा हात उलटा वळवून पट्टा पकडला आणि ओढला. पट्टा बँडेजला अडकला. सोडला, पुन्हा ओढला. या खेपेला तो छातीवरून आला, पण खोबणीपाशी नेईस्तोवर बोटांतून निसटून सरसर परत गेला. नागेशने शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही. मग त्याने पट्टा दातांत धरला आणि हाताने चिमट्याचं टोक शोधायला लागला.

सतीशचा हात गाडीच्या किल्लीवर होता. एक फेरा दिला असता तर एसी लागला असता. काचा तापल्या होत्या, दोघांच्या मानेवरून घाम ओघळत होता, मागून एक ट्रक वाट मागत हॉर्न वाजवत होता. सतीशने किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि शेजारी बघत बसला. ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. त्याने वळून बघितलं नाही.

पट्ट्याचं टोक खोबणीच्या कडेला लागलं, घसरलं, परत लागलं. मग आत बसलं. नागेशने पट्टा ओढून बघितला, पक्का आहे की नाही. तोंडावरचा घाम पुसला. समोर बघत म्हणाला,

"हां. मी बसलोय. आता करा चालू."